पद्मिनी चालती ठेवताना

सांगोल्याची हवा जुन्या मोटारीच्या पत्र्याला मानवते, रबराला मात्र मानवत नाही. समुद्राकाठी उभी राहिलेली गाडी खालून सडत जाते. दारांच्या खालच्या पट्ट्या, डिकीचा तळ, बॅटरीखालची जागा यांची चाळण होते आणि वरून चकचकीत दिसणारी गाडी उचलायला गेलं की जॅक पत्र्यातून आत शिरतो. आमच्याकडं माण नदीत वर्षातले कितीतरी महिने नुसती वाळू असते. पाऊस येतो तोही हात राखून. घेरडीकडच्या एका वस्तीवर, कडब्याच्या शेडमध्ये बरीच वर्षं उभी असलेली १९७५ची प्रीमियर पद्मिनी मी बघायला गेलो, तेव्हा आधी जमिनीवर आडवा होऊन फ्लोअरवर पान्ह्यानं ठोकून पाहिलं. आवाज खणखणीत आला. मग दार उघडून काचेचं बीडिंग चिमटीत धरलं, तर त्याचा भुगा झाला. टायरांच्या बाजूंना भेगा, रेडिएटरचा होज दाबला जाईना इतका कडक, इंजिनाच्या माउंटिंगचं रबर फाटून दोन तुकडे. उन्हानं खायचं तेवढं खाल्लं होतं आणि दुष्काळानं राखायचं तेवढं राखलं होतं. व्यवहार तिथंच ठरला. पत्रा नव्यानं घडवणं फार खर्चाचं आणि फार कसबाचं काम असतं. रबर शोधून मिळतं, नाहीतर करून घेता येतं.

माझा धंदा ठिबकचा. डाळिंबाच्या बागांना लॅटरल, ड्रीपर, फिल्टर विकायचे आणि ते तुंबले की बागेत जाऊन चालू करून द्यायचे, यात निम्मं आयुष्य गेलं. मोटारीचा नाद त्याच्या आधीचा. मी शाळेत होतो तेव्हा गावात खासगी मोटारी मोजक्याच, आणि त्यांतल्या बहुतेक याच जातीच्या. गाडीच्या मागं ‘पद्मिनी’ लिहिलेलं असलं तरी आम्ही पोरं तिला फियाटच म्हणायचो. जुनी माणसं अजून तसंच म्हणतात. ती एखाद्या घरासमोर थांबली की बॉनेटपाशी घोळका व्हायचा, आणि ड्रायव्हर उतरून रेडिएटरचं झाकण उघडायच्या आत हात पुसायचं फडकं पुढं करायला कोण धावतो यावर आमची भांडणं व्हायची.

फियाट म्हणजे परक्या मुलखातली, एवढंच तेव्हा माहीत होतं. गाडी घेतल्यावर तिची कुळकथा वाचत गेलो तर ती आमच्याच जिल्ह्यात येऊन थांबली. वालचंद हिराचंद यांचा जन्म सोलापूरचा, १८८२ सालचा. ‘वालचंद’ हे नाव आमच्याकडं पोरांना सोलापूर आणि सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजांमुळं पाठ असतं, पण त्यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून मोटारी बाहेर काढल्या, हे फार थोड्यांना ठाऊक. सुरुवात क्रायस्लरच्या सहकार्यानं झाली. १९५३ साली वालचंद गेले आणि पुढच्याच वर्षी कुर्ल्याला फियाट ११०० आली. पुढची दारं उलटी उघडणारी, फुगीर गालांची, जिला मराठी मुलखानं ‘डुक्कर फियाट’ म्हणून घरचं नाव दिलं तीच ही. मधल्या काही आवृत्त्यांनंतर १९६४ मध्ये ११०० डी आली, लोकांच्या तोंडी ‘डिलाइट’. फियाटशी असलेला करार संपल्यावर तीच गाडी आधी प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी. म्हणजे माझी गाडी नाव बदललं त्याच्या दुसऱ्या वर्षीची. अशी गाडी हवी असेल तर त्या काळी पैसे भरून नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. सांगोल्यासारख्या गावात ती दारात येणं हा आख्ख्या आळीचा प्रसंग असे.

या गाडीचं बॉनेट उघडलं की इंजिनाच्या दोन्ही बाजूंनी खालची जमीन दिसते. माझ्या दृष्टीनं तिचा सगळ्यात मोठा गुण हाच. चार सिलेंडरचं, १०८९ सीसीचं इंजिन, बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५. पेट्रोलचा पंप कॅमशाफ्टच्या जोरावर हलतो, ठिणगी डिस्ट्रिब्युटरच्या सी. बी. पॉइंटमधून पडते, गिअर स्टिअरिंगच्या दांडीवर, ब्रेक चारही चाकांना ड्रमचे. यातल्या प्रत्येक भागापर्यंत पान्हा पोचतो, आणि तो भाग का चालतो किंवा का चालत नाही हे डोळ्यांनी बघता येतं. संगणक लावून दोषाचा आकडा वाचायची सोय नाही आणि गरजही नाही. प्लग काढून त्याचं तोंड बघितलं की कळतं: काळं आणि कोरडं असेल तर पेट्रोल जास्त जातंय, काळं आणि तेलकट असेल तर रिंगा गेल्यात, विटकरी असेल तर आजचं काम झालं.

बरीच वर्षं उभ्या असलेल्या इंजिनाला लगेच सेल्फ मारायचा नसतो. प्लग काढून सिलेंडरांत तेल सोडलं, ते मुरू दिलं, मग पुलीच्या नटाला पान्हा लावून हातानं हळूहळू फिरवलं. इंजिन जाम नव्हतं, पण रिंगा खाचांत चिकटल्या होत्या आणि एका सिलेंडरला आतून गंजाची कडी पडली होती. म्हणजे खोलणं आलं.

इथंच सांगोल्यानं मला मोठा आधार दिला. जुन्या मोटारीचा छंद मुंबई-पुण्याचा, असा समज असतो. त्यांच्याकडं क्लब आहेत, मेळावे आहेत, खास जुन्याच गाड्यांवर हात बसलेले कारागीर आहेत. आमच्याकडं यातलं काही नाही. पण आमच्याकडं लेथ आहेत. विहिरीवरच्या ऑइल इंजिनांनी, बोअरच्या मोटारींनी, ट्रॅक्टरांनी आणि सूतगिरणीनं या भागात एक फार मोठी कारागिरी पोसली आहे. इकडं सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडी १९१० पासून उभी आहे, तिकडं कोल्हापुरात ओतकामाच्या फाउंड्र्या आहेत, आणि या दोन्हींच्या भोवतालच्या टापूत प्रत्येक तालुक्याच्या गावी बुश कातणारा, शाफ्ट भरून देणारा, पुली बसवणारा कुणीतरी असतोच. मी ज्या मिस्त्रींकडं जातो त्यांना सगळे आण्णा म्हणतात. त्यांनी उमेदवारी केली ती ऑइल इंजिनांवर. पद्मिनीचं हेड उतरवलेलं बघून ते म्हणाले, “आवं, ही म्हंजी चार इंजिनं एका लायनीत हुबी केल्याली. ह्येला काय भ्यायाचं?” त्यांनी व्हॉल्व्ह गाइड तपासली, व्हॉल्व्ह घासून सीटवर नीट बसवले, रॉकेल ओतून ते पाझरतं का हे पाहिलं. बोअरिंग-होनिंग सांगलीला झालं, कारण त्या मापाचं मशीन तिथं होतं. पिस्टन पुढच्या मापाचे टाकले.

व्हॉल्व्हच्या सीटविषयी मी आण्णांशी बराच वेळ बोललो होतो. या इंजिनांच्या काळी पेट्रोलमध्ये शिसं असे. ते जळून सीटवर बारीक थर बसे आणि व्हॉल्व्हच्या आदळण्याचा मार त्यावर जिरे. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसंविरहित पेट्रोल आलं. हवेसाठी, लहान पोरांच्या मेंदूसाठी ते फार आधीच व्हायला हवं होतं. जुन्या इंजिनाला मात्र त्यामुळं एक्झॉस्टच्या सीट कठीण धातूच्या बसवून घ्याव्या लागतात, नाहीतर सीट झिजत जाऊन टॅपेटचं अंतर संपतं आणि एक दिवस व्हॉल्व्ह बंदच होत नाही. आण्णांना शिशाचं कारण नवीन होतं, पण झिजलेली सीट कशी दिसते हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. त्यांनी ट्रॅक्टरच्या कामात वापरतात त्या दर्जाच्या रिंगा कातून बसवल्या. मुंबईत कुणी याहून वेगळं केलं असतं असं मला वाटत नाही.

पाण्याच्या बाजूला मात्र माझाच धंदा उपयोगी पडला. इंजिनाच्या ब्लॉकमधल्या पाण्याच्या वाटा उघडल्या तर आत पांढरट-तांबूस खडक. हे माझ्या रोजच्या ओळखीचं होतं. आमच्याकडच्या बोअरचं पाणी जड, क्षारांचं. ते ड्रीपरच्या बारीक छिद्राशी येऊन हवेला लागलं की क्षार बसतो आणि झाड सुकायला लागतं. रेडिएटरमध्ये तेच पाणी रोज उकळीच्या जवळ जातं, म्हणजे तिथं क्षार बसायला दुप्पट कारण. आधीच्या मालकांनी, त्यांच्या ड्रायव्हरांनी, वाटेत भेटेल त्या हापशाचं पाणी ओतलं असणार. त्यांच्याकडं दुसरा इलाज काय होता? बागेत आम्ही लॅटरलमधून आम्ल सोडतो, काही तास ठेवतो, मग नळ्यांची टोकं उघडून जोरात पाणी सोडतो. रेडिएटरला तसलं जहाल आम्ल चालत नाही. नळ्या पितळेच्या आणि सांधे डाग दिलेले, ते आम्लानं खाल्ले जातात. म्हणून लिंबूसत्त्व पाण्यात विरघळवून, ते कोमट करून, पुन्हा पुन्हा फिरवलं. प्रत्येक वेळी बाहेर येणारं पाणी आधीपेक्षा कमी गढूळ. ज्या नळ्या तरीही उघडल्या नाहीत त्यांच्यासाठी रेडिएटरवाल्यानं वरची टाकी डाग काढून सोडवली आणि एकेका नळीतून सळई फिरवली. ब्लॉकमधला खडक तारेनं, पाण्याच्या माऱ्यानं, बोटांनी काढला. आता तिच्यात डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंटशिवाय काही जात नाही. मे महिन्यात दुपारी पंढरपूरच्या रस्त्यावरही तापमानाचा काटा जागेवर राहतो. पद्मिनी उन्हाळ्यात तापते ही तक्रार सगळे करतात, आणि ती खरीही आहे, पण अशा कित्येक गाड्यांत दोष पाण्याचा असतो आणि बोल इंजिनाला बसतो.

सुट्या भागांचा शोध हे या छंदातलं सगळ्यात मोठं आणि आता सगळ्यात अवघड होत चाललेलं काम. माझी गाडी उभी राहिली ती मुंबईच्या टॅक्सीवाल्यांच्या जिवावर. हे मी कुठल्याही मेळाव्यात, कुणाही शौकीन माणसासमोर म्हणायला तयार आहे. कुर्ल्यातून पद्मिनी बाहेर पडणं २००१च्या सुमारास थांबलं. तरीही पुढं वीस-बावीस वर्षं तिचे क्लचप्लेट, वॉटर पंप, ब्रेक शू, टाय रॉडची टोकं नवी बनत राहिली आणि ऑपेरा हाउसच्या दुकानांत, कुर्ल्याच्या सी. एस. टी. रोडवर मिळत राहिली. का? हजारो माणसं तिच्यावर पोट भरत होती म्हणून. टॅक्सी एक दिवस उभी राहिली तर त्या घरची चूल अडते, त्यामुळं भाग बनवणारा, विकणारा, बसवणारा अशी साखळी अखंड चालू होती. आमच्यासारखे चार-दोन जण आपल्या हौसेसाठी त्या साखळीला हात लावून आपल्याला हवं ते घेऊन जात होतो. शौकाची गाडी पोटाच्या गाड्यांवर जगते.

मुंबईत नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ची. तिथल्या टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली. वर्तमानपत्रांनी तिच्यावर हळवे लेख लिहिले. मी ते वाचले, पण माझ्या मनात वेगळाच हिशेब चालू होता: आता वॉटर पंपाचं सील कोण बनवणार? ज्या दुकानात मी जात असे तिथला माल अजून संपलेला नाही, पण फळीवर नवी खोकी येत नाहीत. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी अजून काही हाती लागतं. एकदा तिथं पद्मिनीचा आख्खा स्पीडोमीटर, काच शाबूत, सायकलच्या चेनांच्या ढिगाखाली मिळाला. पण तो नशिबाचा भाग. ब्रेकच्या सिलेंडरावर नशिबाचा हवाला चालत नाही.

म्हणून भार पुन्हा गावच्या लेथवर आला आहे. चाकाचा ब्रेक सिलेंडर आतून गंजून त्यात खड्डे पडले की नवा मिळेलच असं नाही. त्याचा बोअर मोठा करून आत पितळी स्लीव्ह बसवायची आणि मूळ मापावर आणायची. हे काम आण्णांचा मुलगा करतो. बोअरच्या मोटारींचे बुश कातून त्याचा हात इतका साफ झाला आहे की मापात केसभर फरक पडत नाही. पाट्यांचे बुश, पेडलचे बुश, डायनॅमोचे बुश सगळे इथंच होतात. डायनॅमोचं आर्मेचर मोटार रिवाइंडिंगवाल्यानं भरून दिलं. रोज पाणबुडी मोटारी भरणाऱ्याला ते अवघड नव्हतं, फक्त त्यानं तसलं आर्मेचर पूर्वी पाहिलं नव्हतं. तो ते हातात धरून बराच वेळ फिरवत राहिला आणि गुंडाळी कशी आहे ते त्यानं वहीत काढून घेतलं. इंजिनाच्या माउंटिंगचं रबर कोल्हापूरकडून साचा करून आलं. काही गोष्टींवर मात्र मी घरगुती इलाज करू देत नाही. स्टिअरिंगचे सांधे आणि ब्रेकचे होज हे तयार, नवे आणि खात्रीचेच लागतात. ते मिळेपर्यंत गाडी उभी राहिली तरी चालेल. त्यात माझ्याबरोबर रस्त्यावरच्या दुसऱ्याच्या जिवाचाही प्रश्न असतो.

पद्मिनीत डिझेलचं किंवा दुसऱ्या गाडीचं इंजिन घालून घेतलेले लोक मला भेटतात. खर्चाला परवडतं, भाग मिळतात, असं त्यांचं म्हणणं. ज्याला रोज त्याच गाडीतून माल न्यायचा आहे त्याचं मी समजू शकतो. हौस म्हणून तसं करणाऱ्याशी माझं पटत नाही. इंजिनाचा आवाज, क्लच सोडताना दांडीच्या गिअरला बसणारा हलका हिसका, चढाला तिसऱ्यावर येताना तिनं घेतलेला वेळ हे सगळं मिळून ती गाडी आहे. ते काढून टाकल्यावर उरतो फक्त पत्रा.

रंगावरून डेंटर-पेंटर चाचांचा आणि माझा वाद झाला. गाडीवर नंतर कधीतरी पांढरा रंग मारलेला होता. चाचा म्हणाले, “मालक, समदं घासून पत्र्यापर्यंत जाऊ. लांबी भरू, प्रायमर मारू, नवी कोरी करून देतो.” त्यांच्या हातात ती ताकद आहे. पण डॅशबोर्डच्या मागं आणि डिकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला कारखान्यातून आलेला मूळ फिकट निळा रंग जागच्या जागी होता, पन्नास वर्षांनंतरही. तो मला घालवायचा नव्हता. जुन्या वाहनांची जी आंतरराष्ट्रीय संघटना आहे, फीवा, तिनं २०१२ साली एक सनद मंजूर केली. तिला तूरिनची सनद म्हणतात, आणि तूरिन म्हणजे फियाटचंच गाव. तिचं म्हणणं थोडक्यात असं, की आधी जे मूळचं टिकलं आहे ते राखा. दुरुस्ती करावीच लागली तर गरजेपुरती करा. काय बदललं याची नोंद ठेवा आणि नव्या भागावर ओळखू येईल अशी खूण करा. युरोपात लिहिलेलं हे वाचताना मला ते आमच्या लेथवर सहज जमण्यासारखं वाटलं. आता आण्णांकडं तयार झालेल्या प्रत्येक भागावर, दिसणार नाही पण शोधणाऱ्याला सापडेल अशा जागी, नंबर पंचनं साल ठोकलेलं असतं. माझ्यानंतर ही गाडी जो खोलेल त्याला कुर्ल्याचं काय आणि सांगोल्याचं काय हे कळायला हवं.

चाचांनी शेवटी बाहेरून मूळ निळ्याशी जुळवून रंग दिला आणि आतल्या जुन्या रंगाला हात लावला नाही. डिकीच्या आतला तो रंग त्यांनी फक्त पॉलिश केला. काम संपल्यावर डिकी उघडी टाकून ते दोन्ही निळ्यांकडं उन्हात आळीपाळीनं बघत उभे राहिले आणि म्हणाले, “जुन्यात दम हाय.”

इंधनाची लढाई अजून चालू आहे. आमचा जिल्हा साखर कारखान्यांचा. उसाच्या मळीपासून, रसापासून इथं इथेनॉल बनतं आणि ते पेट्रोलमध्ये मिसळलं जातं. २० टक्के मिश्रणाचं पेट्रोल, ई-२०, फेब्रुवारी २०२३ मध्ये निवडक पंपांवर सुरू झालं आणि २०२५ पर्यंत देशभर आलं. ऊस लावणाऱ्याच्या घरात त्यानं चार पैसे येतात, कारखान्याकडून बिल वेळेवर मिळायला मदत होते, हे मी ठिबकच्या धंद्यात जवळून पाहतो. त्यामुळं इथेनॉलच्या नावानं बोटं मोडणं मला जमत नाही. पण १९७५च्या गाडीसाठी ते परकं आहे. इथेनॉल जुन्या रबराला फुगवतं, मऊ करतं. ते हवेतली ओल ओढून घेतं, आणि गाडी महिनाभर उभी राहिली तर ते पाणी टाकीच्या तळाशी आणि कार्बुरेटरच्या वाटीत बसून धातूला गंज आणतं. शिवाय टाकीत वर्षानुवर्षं चिकटलेली घाण ते सोडवतं आणि ती सगळी थेट सोलेक्स कार्बुरेटरच्या जेटकडं निघते. पंपाचा पडदा एकदा उघडला तर चिखलासारखा झाला होता.

यावर उपाय आहेत आणि ते फार खर्चाचेही नाहीत. टाकी उतरवून आत बारीक खडी घालून हलवली, धुतली, सुकवली. पेट्रोलच्या सगळ्या नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या रबराच्या घातल्या, पंपाचा पडदाही तसाच. टाकी आणि पंप यांच्यामध्ये पारदर्शक फिल्टर लावला. काय अडकतंय ते दिसावं म्हणून तो पारदर्शकच हवा. ठिबकमध्ये आम्ही शेतकऱ्याला सांगत असतो, की फिल्टर रोज बघा, बागेचा जीव त्यात आहे. इथं मी ते स्वतः पाळतो. इथेनॉल मिसळल्यावर त्याच जेटमधून मिश्रण जरा पातळ पडतं, म्हणून जेट थोडा मोठा करावा लागला. आणि सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे गाडी चालवणं. पेट्रोल टाकीत शिळं होऊ द्यायचं नाही.

उन्हाळ्यात दुसरा त्रास. पंप इंजिनाच्या अंगाला चिकटून, बाहेर पारा चाळिशीच्या वर, मग पेट्रोलची नळीतच वाफ होते आणि गाडी चढावर मान टाकते. जुने ड्रायव्हर अशा वेळी पंपावर ओलं फडकं टाकायचे. मीही डिकीत पाण्याची बाटली आणि सुती फडकं ठेवतो, आणि ते चालतं. कोरड्या हवेत पाणी झपाट्यानं उडतं आणि पंप थंड करतं. मुंबईच्या दमट हवेत त्याचा एवढा गुण येत नसावा. माठातलं पाणी आमच्याकडं गार राहतं त्याचं कारण तेच. पण फडक्यावर भिस्त ठेवायची नव्हती. पंप आणि ब्लॉक यांच्यामध्ये उष्णता अडवणारं जाड पॅकिंग घातलं, नळी सायलेन्सरच्या पाइपापासून दूर नेली. तेव्हापासून फडकं क्वचितच लागतं.

रविवारी सांगोल्याला जनावरांचा मोठा बाजार असतो, माणदेशातली खिलार जनावरं येतात. त्या दिवशी सकाळी मी गाडी काढतो. गर्दी व्हायच्या आत पंढरपूर रोडला जाऊन येतो, चारही ब्रेक सारखे लागतात का ते मोकळ्या रस्त्यावर बघतो, आल्यावर ऑइल बघतो, बॅटरीचं पाणी बघतो, ठरल्या फेऱ्यांनी ग्रीस मारतो. दरवर्षी पावसाळा संपला की ब्रेकचं तेल बदलतो, कारण तेही ओल धरतं. हे काम दिसत नाही. रंग दिलेला दिसतो, क्रोम दिसतं, लोक त्याचे फोटो काढतात. पण गाडी जगते ती या बिनदिसणाऱ्या कामावर, आणि मला स्वतःला सगळ्यात समाधान त्यातच मिळतं. बाजाराला आलेले म्हातारे वाटेत थांबवतात. एक जण म्हणाले, त्यांच्या लग्नाची वरात अशाच गाडीतून निघाली होती, आणि त्यांनी दांडीच्या गिअरवर हात ठेवून चारही गिअर न चुकता टाकून दाखवले.

२०२५ मध्ये गाडीला पन्नास वर्षं झाली, आणि ओळखीतले सगळे विचारू लागले की आता ती व्हिंटेज म्हणून नोंदवणार का. केंद्र सरकारनं २०२१ साली तसा नियम केला आहे. पन्नास वर्षांहून जुनी, व्यापारासाठी न वापरलेली, मूळ रूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज म्हणून नोंदता येते. नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात, नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, प्रमाणपत्र दहा वर्षांचं. नियम चांगला आहे. त्यामुळं कित्येक गाड्या भंगारात जायच्या वाचतील. पण अशी गाडी नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, दुरुस्ती, तांत्रिक अभ्यास एवढ्यापुरतीच परवानगी. संग्रहात दहा गाड्या असलेल्याला ते सोयीचं आहे. मला गाडी घेऊन महूदला बागेत फिल्टर बघायला जायचं असतं, पाहुण्यांकडं कोळ्याला जायचं असतं. आणि ती अशी रस्त्यावर दिसत राहिली तरच आण्णांच्या मुलाला तिचे भाग कातण्यात, रिवाइंडिंगवाल्याला तिचा डायनॅमो भरण्यात काही अर्थ वाटणार.

म्हणून मी साधी नोंदणीच पुढं चालू ठेवायची ठरवली आहे. तिचं शुल्क वाढलं आहे. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या खासगी मोटारीला ६०० रुपयांऐवजी ५,००० झाले आणि पुढं वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी ते आणखी वाढलं. वर पर्यावरण कर आहे. ते भरायची माझी तयारी आहे. पासिंगसाठी अकलूजला जायचं आहे, पण त्याआधी मागच्या डाव्या चाकाचा सिलेंडर किंचित पाझरतोय, तो खोलायचा आहे. पितळी स्लीव्हचं माप आण्णांच्या मुलाकडं देऊन आलो आहे. सध्या डाळिंबाच्या छाटणीनंतर पंपांची कामं त्याच्याकडं रांगेत आहेत, आणि त्यानं ती आधी करावीत असंच मी त्याला सांगितलं आहे.